सुहार्तोंची ३२ वर्षं आणि 'राष्ट्रीय वीर' हा किताब

पूर्वरंग

१० नोव्हेंबर २०२५ ला, इंडोनेशियाच्या वीर दिनी, जकार्तात दहा जणांना 'राष्ट्रीय वीर' हा किताब मरणोत्तर दिला गेला. त्यात एक नाव होतं जनरल सुहार्तोंचं. किताब देणारे राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियान्तो हे सुहार्तोंचे एके काळचे जावई. त्याच यादीत मार्सिना हेही नाव आहे. पूर्व जावातल्या घड्याळांच्या कारखान्यात काम करणारी ही मुलगी. रोजचा पगार १,७०० रुपियांवरून २,२५० व्हावा म्हणून १९९३ मध्ये संप झाला, त्यात ती पुढे होती. काही दिवसांनी तिचं छळ केलेलं प्रेत सापडलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष सुहार्तोच होते. मारेकऱ्यांना आजवर शिक्षा नाही.

ही दोन नावं एका यादीत वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री काही सैनिकांनी सहा जनरलांना आणि एका लेफ्टनंटला मारलं. राखीव दलाचे प्रमुख असलेल्या सुहार्तोंनी दोन दिवसांत जकार्ता ताब्यात घेतलं आणि सगळा ठपका कम्युनिस्ट पक्षावर ठेवला. ११ मार्च १९६६ ला सुकार्नोंकडून अधिकारपत्र मिळवलं, १९६७ मध्ये हंगामी आणि १९६८ मध्ये पूर्ण राष्ट्राध्यक्ष झाले. २१ मे १९९८ ला पायउतार झाले. मधल्या काळात सहा निवडणुका झाल्या आणि सहाही त्यांच्या गोलकार या सत्ताधारी पक्षानं जिंकल्या.

माझं मत आधीच सांगतो. शाळा झाल्या, भात पिकला, दवाखाने उभे राहिले, हे मला नाकारायचं नाही. पण तेवढ्यावर हा किताब देणं मला चूक वाटतं. इथे बरेच जण त्या बाजूला नोकरीनिमित्त राहिलेले आहेत. तुम्ही काय पाहिलंत? लोक त्यांच्याबद्दल काय बोलायचे?

मुक्काम_पोस्ट

नेहरूंबरोबर फोटोत काळी टोपी घातलेले असतात ते हेच का?

पूर्वरंग

नाही, ते सुकार्नो. बांडुंग परिषद, अलिप्त राष्ट्रं वगैरे त्यांच्या काळातलं. सुहार्तोंनी त्यांना सत्तेवरून काढून नजरकैदेत ठेवलं. १९७० मध्ये ते त्याच अवस्थेत गेले.

लाखेबाग

धागा चांगला आहे, पण पूर्वरंग, तुम्ही निकाल आधीच लिहून ठेवलाय असं वाटतं. १९६६ चा इंडोनेशिया बघा. महागाईचा दर ६०० टक्क्यांच्या वर. लोक तांदळासाठी रांगेत. तिथून या माणसानं विद्जोयो नितिसास्त्रोंसारख्या अर्थतज्ज्ञांना हाताशी धरून महागाई आटोक्यात आणली. १९६९ पासून पंचवार्षिक योजना चालवल्या. अधिकृत आकड्यांनुसार १९७६ ला ४० टक्के लोक गरिबीत होते, १९९६ ला ११ टक्क्यांच्या आसपास. कोट्यवधी माणसं पोटभर जेवायला लागली. आपण इथे बसून किताब द्यावा की देऊ नये ठरवतोय, त्या माणसांना कुणी विचारलंय का?

१९६५ वाईट होतं, मान्य. पण तो शीतयुद्धाचा काळ होता आणि समोर कम्युनिस्ट पक्षही काही संत नव्हता.

नीलांबरी

लाखेबाग, 'वाईट होतं, मान्य' एवढ्यात ते बसत नाही.

ऑक्टोबर १९६५ ते १९६६ च्या सुरुवातीपर्यंत मध्य जावा, पूर्व जावा, बाली आणि उत्तर सुमात्रा इथे जी माणसं मारली गेली त्यांचा अंदाज पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत आहे. त्यातली बहुतेक सैनिक नव्हती, बंडखोरही नव्हती. शेतमजूर संघटनेचे सभासद, शिक्षक, महिला संघटनेच्या कार्यकर्त्या, गावातले गामेलान (तिथला पारंपरिक वाद्यवृंद) वाजवणारे. पक्ष तेव्हा कायदेशीर होता आणि त्याचे सभासद उघडपणे सभासद होते, म्हणून याद्या करणं सोपं गेलं. लष्करानं याद्या दिल्या, स्थानिक तरुणांच्या टोळ्यांना शस्त्रं आणि मोकळीक दिली. प्रेतं नद्यांत टाकली गेली.

जे वाचले त्यांचं पुढे काय झालं ते तर कुणी बोलतच नाही. लाखो लोक खटल्याशिवाय तुरुंगात गेले. सुमारे बारा हजार जणांना बुरू बेटावर नेऊन जंगल तोडायला लावलं, दहा वर्षं. १९७९ पर्यंत बहुतेक सुटले, पण त्यांच्या ओळखपत्रावर 'माजी राजकीय कैदी' अशी खूण असायची. त्यांच्या मुलांना सरकारी नोकरी नाही, सैन्यात प्रवेश नाही, शिक्षक होता येत नाही. घरातलं कुणी १९६५ च्या प्रकरणात नव्हतं असा दाखला द्यावा लागे. बाप गेला तेव्हा जे मूल दोन वर्षांचं होतं, त्यालाही.

ही माणसं तुमच्या ४० वरून ११ टक्क्यांच्या हिशेबात कुठे धरायची?

लाखेबाग

धरायलाच हवीत. मी त्यांना वगळा म्हणालो नाही. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर लिहा, एवढंच म्हणणं आहे.

सूतगिरणी

मी १९९१ ते १९९९ पश्चिम जावात एका कापड गिरणीत होतो, स्पिनिंग खात्यात. सत्तरच्या दशकापासून भारतीय उद्योगपतींनी तिकडे गिरण्या टाकल्या. आमच्या पिढीचे इचलकरंजी, सोलापूर, माटुंग्याहून शिकलेले पुष्कळ जण तिकडे गेले. कंपनीच्या वसाहतीत गणपती बसायचा, दिवाळीचा फराळ व्हायचा. त्यामुळे सुरुवातीची दोन-तीन वर्षं बाहेर काय चाललंय ते मला फारसं कळलंच नाही. रस्ते चांगले, कायदा-सुव्यवस्था चोख, माणसं हसतमुख. मुंबईची ९२-९३ ची दंगल आम्ही तिथे टीव्हीवर पाहिली आणि मनात म्हणालो, आपण किती सुरक्षित जागी आहोत.

हळूहळू कळायला लागलं. आमच्या खात्यात एक फिटर होता, हाताचा अत्यंत हुशार. त्याला सुपरवायझर करावं म्हणून मी शिफारस केली. कार्मिक विभागातून उत्तर आलं की ते जमणार नाही. कारण लेखी कुणी दिलं नाही. पुढे एका स्थानिक सहकाऱ्यानं सांगितलं की त्याचे काका बुरूला होते. नीलांबरी म्हणतात तो दाखला मला असा भेटला. खासगी गिरणीला खरं तर तसं बंधन नव्हतं, पण जोखीम नको म्हणून कुणी हात घालायचं नाही. तो माणूस मी होतो तोपर्यंत फिटरच राहिला.

निवडणुकीच्या वर्षी सगळं पिवळं व्हायचं. गोलकारचा रंग. झेंडे, कमानी, कुंपणं, झाडांचे बुंधे. सरकारी नोकरांना गोलकारलाच मत द्यावं लागे. गावात प्रचार करायला दुसऱ्या पक्षांना कायद्यानंच बंदी होती. शेतकऱ्यांनी राजकारणात पडू नये, काम करावं, असा त्यामागचा विचार. पण गोलकारसाठी सरपंच होता, आणि प्रत्येक गावात लष्कराचा एक हवालदार नेमलेला असायचा. त्याला सगळं ठाऊक असे. कुणाच्या घरी पाहुणा आला, कोण नमाजाला येत नाही, कोण जास्त बोलतं. आमच्या गिरणीत पगारावरून कुरबूर झाली की युनियनचा माणूस यायच्या आधी हा हवालदार यायचा.

मे ९८ बद्दल नंतर सविस्तर लिहितो.

कोकणमेवा

सूतगिरणीकाका, लिहाच.

अवांतर: त्यांच्या नोटेवर गणपती आहे आणि त्यामुळे त्यांची अर्थव्यवस्था सावरली असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. ते खरं आहे का?

सूतगिरणी

नोट खरी आहे, माझ्याकडे एक जपून ठेवलेली आहे. २०,००० रुपियांची, १९९८ सालची. तिच्यावर शिक्षणमहर्षी की हाजार देवान्तारा आणि बाजूला गणपती, विद्येचं दैवत म्हणून. बांडुंगच्या तंत्रविद्यापीठाच्या बोधचिन्हातही गणपतीच आहे. ती नोट आता चलनात नाही. अर्थव्यवस्था मात्र त्याच १९९८ साली १३ टक्क्यांनी आकसली. बाप्पावर माझी श्रद्धा आहे, म्हणून त्याच्या नावावर असलं काही खपवलेलं मला आवडत नाही.

बांधावरून

मी शेतकरी माणूस, इतिहास आपला विषय नाही. पण भाताचं निघालं म्हणून लिहितो.

सत्तरच्या दशकात इंडोनेशिया जगात सगळ्यात जास्त तांदूळ विकत घेणाऱ्यांपैकी होता. १९८४ ला स्वयंपूर्ण झाला, आणि १९८५ ला जागतिक अन्न संघटनेनं सुहार्तोंना रोमला बोलावून गौरव केला. हे कसं झालं? नवं बियाणं, युरिया आणि कीटकनाशक, तिन्ही स्वस्तात. कीटकनाशकावर तर एवढं अनुदान होतं की शेतकरी हात सैल सोडून फवारायचा. परिणाम काय? तुडतुडा खाणारे कोळी आणि मित्रकीटक मेले आणि तपकिरी तुडतुडा माजला. ८५-८६ ला जावात भात करपून गेला. ज्यांनी धान शेती केली आहे त्यांना तुडतुड्यानं जळालेलं शिवार कसं दिसतं ते सांगायला नको.

तेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितलं की फवारणीनंच रोग वाढतोय. १९८६ ला सुहार्तोंनी एक आदेश काढला आणि ५७ कीटकनाशकं भातावर वापरायला बंद केली. एका दिवसात. पुढे अनुदानही काढलं. उत्पन्न घटलं नाही. मग १९८९ पासून शेतकऱ्यांना बांधावरच कीड ओळखायला शिकवायला लागले. शेतीशाळा म्हणून आपल्याकडे कृषी विभाग जे घेतो, ती कल्पना मूळची तिथली. मी स्वतः कपाशीच्या शेतीशाळेला बसलेलो आहे.

आपल्याकडे एक कीटकनाशक बंद करायचं म्हटलं तर समित्या बसतात, कंपन्या कोर्टात जातात, वर्षं जातात. इकडे फवारणीत माणसं मरतात. म्हणून सांगतो, त्या एका सहीचं मला कौतुक आहे.

चौकस

बांधावरून, उत्तम प्रतिसाद. शाळांचं मी लिहिते.

तेलाच्या किमती १९७३ ला चढल्या तेव्हा आलेल्या पैशातून इंडोनेशियानं १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. जिथे शाळेबाहेर मुलं जास्त, तिथे शाळा जास्त, असा नियम. जगातल्या सर्वांत मोठ्या शाळा-बांधणी कार्यक्रमांपैकी हा एक. अभिजित बॅनर्जींबरोबर ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं त्या एस्तेर द्युफ्लो यांनी २००१ मध्ये याच शाळांवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या मुलांच्या वाट्याला या शाळा आल्या ती जास्त शिकली आणि मोठेपणी जास्त कमावती झाली. हे आकडे सरकारी जाहिरातीतले नाहीत.

पण त्याच तेलाच्या पैशाचं दुसरं टोकही बघा. राष्ट्रीय तेल कंपनी पेर्तामिना एका जनरलच्या हातात होती. तिनं जहाजं, पोलाद, हॉटेलं असा वाट्टेल तसा पसारा मांडला आणि १९७५ मध्ये कर्ज फेडता येईना. कर्ज निघालं दहा अब्ज डॉलरच्या घरात. जनरलना पुढच्या वर्षी पदावरून काढलं, खटला झाला नाही. तेवढ्या पैशात आणखी किती शाळा झाल्या असत्या, असं संसदेत कुणी विचारलं नाही.

लाखेबाग

पण त्या शाळा झाल्या ना! आपल्याकडे संसदेत विचारायला सगळे मोकळे होते, तरी सत्तरच्या दशकात आपण एवढ्या झपाट्यानं शाळा बांधू शकलो का? शिस्त लागते हो. आमचे वडील सांगायचे, आणीबाणीत गाड्या वेळेवर यायच्या आणि कचेरीत बाबू जागेवर असायचा.

नीलांबरी

लाखेबाग, आणीबाणीत माझ्या मामांना नाशिकच्या तुरुंगात ठेवलं होतं. त्यांनाही गाडी वेळेवरच मिळाली असणार.

कुटुंबनियोजनाचंच घ्या. सुहार्तोंच्या काळात 'दोन मुलं पुरेत' ही मोहीम गाजली. त्यांना १९८९ ला संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. जन्मदर खरोखर खाली आला. पण गावोगावी ज्या 'सफारी' मोहिमा निघायच्या त्यात अधिकाऱ्यांबरोबर सैनिक असायचे. सैनिक दारात उभा असताना बाईनं हो म्हटलं, तर त्याला होकार म्हणायचं का? आणि आपणही फार लांब नव्हतो. १९७६ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. नंतर १९७७ ला लोकांनी मत दिलं आणि हिशेब चुकता केला. जावातल्या बाईला ती सोय ३२ वर्षं नव्हती.

लाखेबाग

मामांबद्दल वाईट वाटलं. नसबंदीचा मुद्दा मान्य.

मुक्काम_पोस्ट

मध्येच विचारतो, एवढी वर्षं कुणी आव्हानच दिलं नाही का? सैन्यातूनसुद्धा?

पूर्वरंग

दिलं की. १९७४ च्या जानेवारीत जपानचे पंतप्रधान तनाका आले तेव्हा जकार्ता पेटलं होतं, विद्यार्थी रस्त्यावर होते. त्यानंतर विद्यापीठांतलं राजकारण बंद केलं. १९८० मध्ये निवृत्त जनरल आणि माजी पंतप्रधान मिळून ५० जणांनी निवेदन काढलं. त्यांच्या परदेश प्रवासावर बंदी आली, बँकांनी कर्जं नाकारली, वर्तमानपत्रांना त्यांची नावं छापायला मनाई झाली. १९८३ पासून दोनेक वर्षं गुंड म्हणून हजारो माणसांना रात्री उचलून गोळ्या घातल्या आणि प्रेतं मुद्दाम रस्त्यात टाकली. १९८४ ला तांजुंग प्रियोक बंदरात मुस्लिम निदर्शकांवर गोळीबार. १९९४ मध्ये 'टेम्पो'सह तीन नियतकालिकं एका दिवसात बंद. १९९६ च्या जुलैत सुकार्नोंच्या कन्या आणि विरोधी नेत्या मेगावती यांच्या पक्ष कार्यालयावर हल्ला. पूर्व तिमोर तर वेगळा धागा होईल. १९७५ ची स्वारी, नंतरची उपासमार, आणि १२ नोव्हेंबर १९९१ ला तिथल्या दिली शहरातल्या सांताक्रुझ दफनभूमीतला गोळीबार.

आणि राष्ट्राध्यक्ष निवडणारी जी लोकसभा होती, तिच्यातल्या हजार सभासदांचा मोठा हिस्सा त्यांनीच नेमलेला. तिथून ते सात वेळा बिनविरोध निवडून आले. मार्च १९९८ मध्ये सातव्यांदा. दोन महिन्यांनी गेले.

तारा_जकार्ता

सगळं वाचते आहे. मी गेली काही वर्षं जकार्तात राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. आजचं सांगते.

इथल्या ट्रकांच्या मागे एक चित्र सर्रास दिसतं. सुहार्तोंचा हसरा चेहरा, हात वर केलेला, आणि जावानी भाषेत लिहिलेलं: 'काय, कसं काय? माझाच काळ बरा होता ना?' टी-शर्टवर तेच, रिक्षावर तेच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या इबू (म्हणजे बाई, आदरानं) मध्य जावाच्या आहेत. त्यांना मी विचारलं, तर म्हणाल्या, तेव्हा तांदूळ स्वस्त होता, तेल स्वस्त होतं, आता सगळं महाग. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही, कारण त्या त्यांच्या चुलीबद्दल बोलत होत्या.

पण त्यांचीच मुलगी महाविद्यालयात आहे. ती आईला म्हणाली, तेव्हा मी हे बोलले असते तर तू मला गप्प केलं असतंस. आई काहीच बोलली नाही, कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

तरुण मुलांना यातलं शाळेत फार थोडं शिकवतात. सुहार्तोंच्या काळात दर ३० सप्टेंबरला १९६५ वरचा सरकारी चित्रपट सगळ्यांना दाखवायचे, वर्गच्या वर्ग थिएटरात. त्यात जनरलांची हत्या तपशिलानं होती, नंतरच्या लाखोंचा उल्लेख नव्हता. त्या चित्रपटावर वाढलेली पिढी आज आई-बाप आहे. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोकोवींनी १९६५-६६ सह बारा प्रकरणांत मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन झालं हे मान्य करून खेद व्यक्त केला. पुढच्याच वर्षी लोकसभेनं भ्रष्टाचाराविषयीच्या १९९८ च्या ठरावातून सुहार्तोंचं नाव काढून टाकलं. मग हा किताब. वाट कशी मोकळी केली ते दिसतं.

बांधावरून

ताई, तुमच्या त्या इबूंचं म्हणणं मला पटलं. पोट भरलेलं माणूस विसरत नाही.

चौकस

पैशाचं कुणीच लिहिलं नाही. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलनं २००४ मध्ये अंदाज दिला होता की १५ ते ३५ अब्ज डॉलर लाटले गेले. जगातल्या राज्यकर्त्यांच्या यादीत पहिला क्रमांक. पद्धत अशी की सुहार्तो धर्मादाय संस्था काढायचे, अध्यक्ष स्वतः. सरकारी बँकांना नफ्यातला ठरावीक हिस्सा त्या संस्थांना देणं आदेशानं बंधनकारक. त्यातून गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळायच्या, हे खरं. त्याच पैशातून मित्रांच्या कंपन्यांना भांडवलही मिळायचं. सर्वोच्च न्यायालयानं अशा एका संस्थेला २०१५ मध्ये चार लाख कोटींहून जास्त रुपिया परत करायला सांगितलं. स्वतः सुहार्तोंवर २००० मध्ये आरोपपत्र आलं, पण प्रकृती ठीक नाही म्हणून खटला चाललाच नाही. २००८ ला ते गेले.

मुलांचं तर विचारू नका. मोठ्या मुलीकडे टोलचे रस्ते. धाकटा मुलगा तोमी, त्याला 'राष्ट्रीय मोटार' बनवायची सवलत. गाड्या कोरियाहून तयार आणल्या, नाव बदललं, करमाफी घेतली. आणि लवंग.

बांधावरून, हे खास तुमच्यासाठी. इंडोनेशियात लवंग मसाल्यापेक्षा सिगारेटीत जास्त जाते. तिथली क्रेतेक सिगारेट लवंगेशिवाय होत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तोमीच्या मंडळाला लवंग खरेदीची मक्तेदारी मिळाली. मध्यवर्ती बँकेचं स्वस्त कर्ज मिळालं. शेतकऱ्याकडून कमी भावात घ्यायची, कारखान्याला चढ्या भावानं विकायची. कारखान्यांनी साठे वापरले, खरेदी थांबवली, माल पडून राहिला. मग शेतकऱ्यांनाच सांगितलं की पीक कमी करा. सुलावेसीत लोकांनी वर्षानुवर्षं वाढवलेली लवंगेची झाडं तोडली. मक्तेदारी मोडली ती १९९८ ला, नाणेनिधीनं अट घातली तेव्हा.

बांधावरून

हे मला माहीत नव्हतं. लवंगेचं झाड धरायला लागायलाच सात-आठ वर्षं जातात. ते तोडायला लावणं म्हणजे...

बरं, मग एक गोष्ट लक्षात येते. ५७ औषधं ज्या सहीनं बंद झाली, त्याच सहीनं लवंग पोराला दिली. औषधाच्या वेळी शास्त्रज्ञांचं ऐकलं. लवंगेच्या वेळी शेतकऱ्याचं कोण ऐकणार? आमच्याकडे निदान कांद्याचा भाव पडला की रस्ता अडवता येतो, आमदाराला घेराव घालता येतो. त्या सहीचं कौतुक मी वर केलं होतं, ते तुडतुड्यापुरतंच आहे.

पूर्वरंग

बांधावरून, मला धाग्यात जे नीट मांडता आलं नव्हतं ते तुम्ही मांडलंत. लाखेबाग म्हणतात दोन्ही एका खात्यावर लिहा. लिहू. पण ३२ वर्षं ते खातं कुणालाच बघायची परवानगी नव्हती, हे त्याच खात्यावर सगळ्यात वर लिहायला हवं.

सूतगिरणी

मे ९८ चं लिहितो म्हणालो होतो.

१९९७ च्या मध्याला एका डॉलरला २,४०० च्या आसपास रुपिया मिळायचे. जानेवारी ९८ मध्ये एका टप्प्यावर १५,००० च्या पलीकडे गेले. आम्हा परदेशी लोकांचा पगार डॉलरमध्ये, आमच्या कामगारांचा रुपियात. एकाच खात्यात, एकाच पाळीत काम करताना हे फार लाजिरवाणं वाटायचं. दूध पावडर बाजारातून गायब झाली. १५ जानेवारीला सुहार्तो नाणेनिधीच्या करारावर सही करताहेत आणि निधीचे प्रमुख काम्देस्यू हाताची घडी घालून मागे उभे आहेत, तो फोटो सगळ्या जगानं पाहिला. आमच्या कामगारांना तो पाहून राग आला होता. सुहार्तोंचा नव्हे, त्या उभ्या माणसाचा. आपल्या म्हाताऱ्याला असं वाकवलं म्हणून. महिना-दोन महिन्यांत तो राग कुठे वळला ते पुढे दिसलं.

मेच्या सुरुवातीला इंधनाचे भाव वाढवले. १२ मे ला त्रिसाक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात गेले. सुहार्तो तेव्हा कैरोला परिषदेत होते. १३ पासून जकार्ता जळायला लागलं. माझं कुटुंब त्या दिवशी जकार्तात एका स्नेह्यांकडे होतं. तीन दिवस मी गिरणीत आणि ते तिकडे. दुकानांच्या शटरवर लोक 'आम्ही मूळचे इथले' असं रंगवत होते, म्हणजे दुकान चिनी माणसाचं नाही. आमच्या स्नेह्यांच्या गल्लीत भारतीयांच्या घरांवरही कुणी कुणी लिहिलं. शेजारच्या चिनी कुटुंबाला स्नेह्यांनी स्वतःच्या घरात घेतलं. माझी बायको त्या घरातल्या मुलींबरोबर तीन रात्री एकाच खोलीत होती. दार आतून कपाट लावून बंद केलेलं. पुढे सरकारनं नेमलेल्या सत्यशोधन पथकानं बलात्काराच्या ५२ घटना नोंदवल्या.

मेलेल्यांचा आकडा हजारावर गेला. त्यातले बहुतेक गरीब घरांतले होते, लुटालूट चाललेल्या मॉलमध्ये शिरलेले, आग लागल्यावर अडकलेले. तीस वर्षं चिनी लोकांना नावं बदलायला लावली, त्यांची भाषा, शाळा, सण बंद ठेवले आणि त्याच समाजातल्या मोजक्या धनाढ्यांना घेऊन धंदा केला. लोकांचा राग तिथे वळायला तयारच होता.

१८ ला विद्यार्थ्यांनी संसद ताब्यात घेतली. २० च्या रात्री १४ मंत्र्यांनी नव्या मंत्रिमंडळात यायला नकार दिला. २१ ला सकाळी नऊच्या सुमारास आम्ही सगळे कँटीनच्या टीव्हीसमोर. सुहार्तोंनी राजीनाम्याचा कागद वाचला, उपाध्यक्ष हबीबींनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. काही मिनिटांचा मामला. आमच्यातले काही कामगार ओरडले, काही रडले. तो फिटर कामावर होता, तो आलाच नाही बघायला. पाळी संपल्यावर मी त्याला विचारलं, तर म्हणाला, आईला फोन करायचा आहे, जरा लवकर सोडाल का? मी सोडलं.

लाखेबाग, तुम्ही विचारलंत, त्या माणसांना कुणी विचारलंय का. तेव्हा विचारायची सोय नव्हती. आता आहे, आणि तारा सांगते तसं आई एक उत्तर देते, मुलगी दुसरं. पण किताब देताना १९६५ मध्ये गेलेल्यांच्या घरी कुणी विचारायला गेलं नाही.

कोकणमेवा

काका, काय लिहिलंय. माझ्या आईला वाचून दाखवलं.

लाखेबाग

सूतगिरणी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं मत सांगतो. शाळा-भात-दवाखान्यांचं श्रेय मी काढून घेणार नाही. ते मिळालंच पाहिजे, आणि त्यात हजारो शिक्षक, नर्सेस, कृषी सहायक होते त्यांनाही. पण वीर हा किताब मीही दिला नसता. मार्सिनाच्या शेजारी तर नाहीच.

नीलांबरी

मार्सिनाच्या घरच्यांनी तो स्वीकारला, आणि तो तिचा हक्कच आहे. तिच्या खुनाचा तपास पुन्हा उघडा, ही मागणी मात्र किताबानं संपत नाही.

मुक्काम_पोस्ट

पुढच्या वर्षी बाली आणि जावा करायचा विचार आहे. या विषयाचं तिथे काही बघता येतं का? की सगळं झाकलेलं आहे?

तारा_जकार्ता

बघता येतं. योग्याकार्ताजवळ केमुसुकला, त्यांच्या जन्मगावी, सुहार्तोंचं स्मारक-संग्रहालय आहे. घरच्यांनीच उभारलंय, तिथे गौरवाची बाजू दिसेल. जकार्तात लुबांग बुवाया इथे सात अधिकाऱ्यांची प्रेतं टाकली ती विहीर आणि लष्कराचं संग्रहालय आहे.

दुसरी बाजू बघायची तर जकार्तात गुरुवार धरून या. २००७ च्या जानेवारीपासून दर गुरुवारी दुपारनंतर राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर काळ्या छत्र्या घेऊन माणसं उभी राहतात. १९६५ मध्ये गेलेल्यांचे नातेवाईक, ९८ मध्ये मुलं गमावलेल्या आया, आता पुष्कळ कॉलेजची मुलंही. मी दोन-चारदा गेले आहे. कुणी अडवत नाही, पर्यटकांनाही नाही. मोनास या राष्ट्रीय स्मारकाच्या बाजूनं या, पार्किंग तिकडेच मिळतं. यायचं ठरलं की मला व्यक्तिगत निरोप करा, मी येईन बरोबर.